टायटॅनियमची झीज: लावलेला लेप आणि मुरलेला थर

टायटॅनियमचा नट टायटॅनियमच्याच बोल्टवर मी पहिल्यांदा चढवला तो दिवस मला नीट आठवतो. पहिले तीन-चार आटे बोटांनी सहज गेले. पुढे पान्हा लावला, अर्धा फेरा झाला, बारीक किरकिर ऐकू आली आणि नट जागीच बसला. पुढे जाईना, मागे येईना. शेजारी उभे असलेले फिटर काका म्हणाले, "मॅडम, जोर नका लावू. तो आता सुटायचा नाही, कापावाच लागेल." कापला. उभा चिरून भिंगाखाली धरला, तर आटे तुटले नव्हते की चपटे झाले नव्हते. नटाचा धातू बोल्टला चिकटून ओढला गेला होता. सैल कणीक पोळपाटाला चिकटावी आणि लाटण्याबरोबर फरफटत जावी, तसा. दोन्ही भाग नवे होते, स्वच्छ होते, मापात होते. तेलाचा हातही दिला होता.

कारखान्यात याला गॉलिंग म्हणतात. स्टेनलेसच्या नट-बोल्टांतही ते होते, पण टायटॅनियममध्ये ते फारच पटकन होते. विमानाच्या इंजिनातली पाती असोत, मोटारसायकलचे व्हॉल्व्ह असोत की माणसाच्या खुब्यात बसवलेला सांधा असो, जिथे टायटॅनियम कशावर तरी घासतो तिथे हा प्रश्न समोर येतोच. त्यावर उपाय म्हणून या धातूच्या पृष्ठभागावर काय काय केले जाते, ते या लेखात सांगायचे आहे. इतकी वर्षे या कामात राहून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. लोक पहिला प्रश्न विचारतात, "वरचा थर किती कडक आहे?" त्याआधी विचारायला हवे, "तो थर खालच्या धातूने कसा धरून ठेवला आहे?" सगळी गोष्ट या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरते.

आधी धातूची ओळख. टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा: एक घनसेंटिमीटर पोलाद ७.८ ग्रॅम भरते, टायटॅनियम ४.५ ग्रॅम. त्याचा सर्वांत जास्त वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. १९५०च्या दशकात तो अमेरिकेत तयार झाला आणि आजही बाजारात 'ग्रेड ५' म्हणून तोच चालतो. ताकद उत्तम पोलादाच्या तोडीची. समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे बुडवून ठेवला तरी गंज नाही. शरीराला तो परका वाटत नाही. हाड त्याला थेट चिकटून वाढते. हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले आणि १९६५ साली त्यावर बसवलेले दात पहिल्यांदा एका रुग्णाला लावले. त्याचे खनिजही दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर, जड वाळूचे पट्टे दिसतात, त्यांतले इल्मेनाइट हे टायटॅनियमचेच खनिज. केरळात कोल्लमजवळ चवरा येथे तर अशाच वाळूच्या खनिजापासून टायटॅनियमचा स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, तयार करण्याचा कारखाना आहे.

मग इतक्या गुणी धातूला घासणेच का सोसत नाही? पुष्कळांना वाटते की तो मऊ असेल. तसे नाही. काठिण्य मोजण्याची एक पद्धत म्हणजे हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबायचे आणि उमटलेली खूण मोजायची. खूण जितकी लहान तितका विकर्सचा आकडा मोठा. ग्रेड ५ टायटॅनियमचा आकडा ३५० च्या आसपास येतो. इतक्याच काठिण्याचे पाणी दिलेले पोलाद गिअरमध्ये, शाफ्टमध्ये वर्षानुवर्षे मुकाट काम करते. १९५३ साली आर्चर्ड यांनी झिजेचे एक साधे समीकरण मांडले: भार जितका जास्त आणि घासण्याचे अंतर जितके लांब तितकी झीज जास्त, पदार्थ जितका कठीण तितकी ती कमी. पण त्या समीकरणात एक गुणांकही आहे, आणि तो प्रत्येक जोडीगणिक हजारो पटींनी बदलतो. टायटॅनियमचे दुखणे त्या गुणांकात आहे.

त्याचे पहिले कारण म्हणजे त्याची साय. टायटॅनियमला ऑक्सिजनची एवढी ओढ असते की हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा दहा-वीस हजारावा भाग. दुधावरची साय काढली की पुन्हा धरते, तसा हा पापुद्रा खरवडला की लगेच नवा येतो. गंज न लागण्याचे सगळे श्रेय त्याचेच. पण घासताना ही सायच घात करते. भाराखाली ती फाटते, क्षणभर उघडा धातू उघड्या धातूला भिडतो, आणि ऑक्सिजन पोचण्याआधी ते दोघे एकमेकांना धरतात. उष्णतेशिवाय झालेले वेल्डिंगच ते. पुढच्या ओढीला तो जोड जिथून सुटायचा तिथून न सुटता शेजारचा धातू ओरबाडून नेतो. फाटलेल्या सायीचे तुकडे मध्ये अडकतात, तेही टणक असतात, आणि वाळूसारखे काम करत दोन्ही बाजू कुरतडतात.

दुसरे कारण अणूंच्या रचनेत आहे. कोबाल्ट आणि टायटॅनियम या दोघांतही अणू षटकोनी थरांत बसलेले असतात. कोबाल्टमध्ये हे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे कुठे जोड चिकटला तरी थोड्या जोरात तो सुटतो. टायटॅनियमचा षटकोन किंचित बुटका आहे. त्याचे सरकणे त्या एका सपाट दिशेपुरते राहत नाही, आडव्या-उभ्या इतर प्रतलांतही होते. अशा धातूत चिकटलेला जोड सरकून मोकळा होत नाही. तो फाटतो आणि समोरच्या भागावर धातूचा गोळा ठेवून जातो.

तिसरे कारण उष्णतेचे. हा मिश्रधातू उष्णता वाहून नेण्यात फार मंद आहे, साध्या पोलादाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच. घासण्याने निर्माण झालेली ऊब जागीच साठते. त्यात भर म्हणून साधी वंगणतेलेही टायटॅनियमवर लोखंडासारखी धरून राहत नाहीत. माझ्या बोल्टला दिलेला तेलाचा हात फुकट गेला, तो याचमुळे.

आता खुब्याची गोष्ट, कारण या विषयातला सर्वांत महाग धडा तिथे मिळाला. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मांडीच्या हाडात धातूची दांडी, तिच्या टोकाला गुळगुळीत गोळा, आणि समोर पॉलिथिलीनची वाटी. पुढे दांडीसाठी टायटॅनियम आले. त्याला कारणही उत्तम होते. पोलादाची दांडी हाडापेक्षा कितीतरी ताठ असते, त्यामुळे सगळा भार तीच उचलते आणि भार न पेलणारे हाड हळूहळू विरळ होते. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्मा, म्हणून हाडाच्या वाट्याला थोडा भार उरतो. एवढे चांगले जमल्यावर काही रचनांमध्ये गोळाही त्याच मिश्रधातूचा ठेवला गेला.

गोळा मात्र घासतो. दांडी हाडात घट्ट बसवणाऱ्या सिमेंटचे सूक्ष्म कण वाटीत शिरले की ते गोळ्याची साय फोडत. साय पुन्हा धरे, पुन्हा फुटे. दर पावलाला हे चाले, आणि माणूस वर्षाला दहा-वीस लाख पावले टाकतो. १९८०च्या दशकात असे सांधे पुन्हा उघडावे लागले तेव्हा शल्यविशारदांना आजूबाजूचा मांसल भाग काळा पडलेला दिसला. तो काळा रंग टायटॅनियमच्या झिजेच्या भुकटीचा. गुळगुळीत गोळ्यावर ओरखडे, वाटी खरवडलेली, आणि त्या भुकटीमुळे सुजलेल्या भागात सैल झालेली दांडी. तेव्हापासून दांडी टायटॅनियमची आणि गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा, अशी वाटणी रूढ झाली. आपल्या घरातल्या कुणाचा खुबा बदललेला असेल, तर बहुधा त्यात हीच वाटणी आहे.

पण प्रत्येक ठिकाणी गोळा बदलून भागत नाही. जिथे टायटॅनियमच घासणार आहे, तिथे त्याची कातडी बदलावी लागते. त्याचे दोन मोठे मार्ग आहेत आणि मराठीत त्यांना चपखल शब्द आहेत: मुरवणे आणि लावणे.

मुरवण्यात बाहेरचा पदार्थ धातूच्या आत शिरतो, लोणच्यात मीठ मुरते तसा. कडक भाग कुठे संपला आणि मऊ कुठे सुरू झाला अशी रेघ आत सापडत नाही. यातला सर्वांत जुना आणि भरवशाचा प्रकार म्हणजे नायट्रायडिंग. भाग बंद भट्टीत ठेवायचा, हवा पूर्ण काढायची, शुद्ध नायट्रोजन सोडायचा आणि ७०० ते ९५० अंश सेल्सिअसला कित्येक तास राखायचा. नायट्रोजनचे अणू धातूच्या अणूंमधल्या फटींत शिरतात. बाहेर काढल्यावर भाग सोनेरी दिसतो. अगदी वर काही मायक्रॉन जाडीचा टायटॅनियम नायट्राइडचा थर, ज्याचे काठिण्य दोन हजारांच्या घरात जाते. त्याखाली कमी नायट्रोजनचे दुसरे संयुग. त्याच्याही खाली दहाच्या काही पट मायक्रॉन खोल असा पट्टा, जिथे धातू धातूच असतो पण मुरलेल्या नायट्रोजनमुळे टणक झालेला. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर हे सगळे नाट्य केसाच्या जाडीच्या आतबाहेर घडते.

पोलादाच्या नायट्रायडिंगचा अनुभव असलेल्यांना इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. पोलादाला आपण ५०० ते ५७० अंशांना अमोनियाच्या वायूत ठेवतो. तीच भट्टी, तोच वायू टायटॅनियमला लावला तर अमोनियातला हायड्रोजन तो शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. भाग दिसायला सोनेरी, छान, आणि आतून भेगाळायला तयार. म्हणून टायटॅनियमसाठी शुद्ध नायट्रोजनच हवा. भट्टीत जरा जरी हवा शिरली तरी ऑक्सिजन आधी जाऊन बसतो, सोनेरी रंगाऐवजी मळकट पिवळा-तपकिरी उतरतो, आणि अनुभवी माणूस झाकण उघडताच मान हलवतो.

प्लाझ्मा नायट्रायडिंग हा त्याचाच पुढचा अवतार. निर्वात पात्रात थोडा नायट्रोजन, भागाला काही शे व्होल्टचा ऋण भार, आणि भागाभोवती जांभळट गुलाबी प्रकाशाची झालर. काचेच्या खिडकीतून ती पाहताना मला अजूनही थांबावेसे वाटते. त्या प्रकाशातले आयन भागावर आदळून आधी ती चिवट साय उडवून लावतात आणि मग नायट्रोजनला वाट मोकळी होते. वेळ वाचतो, आणि जिथे थर नको तिथे झाकण लावून जागा राखता येते.

मुरवण्यासाठी नायट्रोजनच पाहिजे असे नाही. ज्या ऑक्सिजनमुळे साय धरते त्यालाच मुरवता येते, आणि मला हा उपाय फार देखणा वाटतो. टायटॅनियमच्या साधारण तापमानाच्या रचनेत ऑक्सिजन अफाट मावतो: दर तीन अणूंमागे एक ऑक्सिजनचा, इतका. भाग ६०० ते ६५० अंशांना हवेतच कित्येक तास ठेवला की वर एक-दोन मायक्रॉनचा घट्ट ऑक्साइड आणि खाली ऑक्सिजन मुरलेला टणक पट्टा तयार होतो. निर्वात पंप नको, महागडा वायू नको. तापमानाचा मोह मात्र टाळावा लागतो. लवकर व्हावे म्हणून भट्टी ८०० अंशांच्या वर नेली तर ऑक्साइड जाड होतो आणि जुन्या भिंतीच्या रंगासारखे त्याचे पोपडे निघतात. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात टॉम बेल आणि हानशान डोंग यांनी या पद्धतीवर खूप काम केले. आधी हवेत ऑक्सिजन धरवायचा, मग निर्वातात तापवून तो आत ढकलायचा, अशा दोन पायऱ्यांनी त्यांनी टणक पट्टा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपर्यंत खोल नेला. जड भार पेलणाऱ्या भागांसाठी ही खोली मोलाची आहे.

गंमत अशी की हाच ऑक्सिजन मुरलेला थर दुसऱ्या कारखान्यात दोष म्हणून फेटाळला जातो. टायटॅनियमचे फोर्जिंग किंवा कास्टिंग तापवताना त्यावर नकळत असा कडक पापुद्रा बसतो, त्याला अल्फा केस म्हणतात. विमानाच्या भागांवरून तो आम्लात बुडवून किंवा घासून शेवटच्या मायक्रॉनपर्यंत काढावा लागतो, कारण कडक म्हणजे ठिसूळ, आणि ठिसूळ कातडीतून भेग सुरू होते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, आणि फरक फक्त एवढाच की थर हवा तिथे, हवा तितका, ठरवून आणला आहे की आपोआप आला आहे.

या भेगेच्या प्रश्नाबद्दल सरळ बोलले पाहिजे, कारण माहितीपत्रकांत तो शेवटच्या ओळीत लपवलेला असतो. एखादा भाग लाखो वेळा वाकतो-सरळ होतो तेव्हा तो थकतो. तारेला मागेपुढे वाकवून आपण ती तोडतो तसा. ९०० अंशांच्या नायट्रायडिंगने झीज थांबते, पण आतल्या धातूचे कण मोठे होतात आणि वरचा थर ठिसूळ असतो, म्हणून थकव्याची ताकद घटते. इंजिनाचा कनेक्टिंग रॉड किंवा विमानाच्या चाकांचा भाग असेल तर हा सौदा तोट्याचा ठरू शकतो. त्यावर उपाय आहेत: तापमान खाली ठेवायचे, वरचा ठिसूळ थर बारीक पॉलिश करून उतरवायचा आणि खालचा मुरलेला पट्टा तेवढा ठेवायचा, किंवा बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबात ठेवायचा, म्हणजे भेगेला तोंड उघडायला जागा मिळत नाही. माझ्याकडे कुणी नुसते "नायट्रायडिंग करून द्या" म्हणून भाग घेऊन आले, की मी आधी विचारते, हा भाग घासतो, की घासतो आणि वाकतोही?

आता लावण्याकडे येऊ. भोसरी-चाकणच्या कुठल्याही टूलरूममध्ये सोनेरी रंगाचे ड्रिल आणि टॅप दिसतात. त्यांच्यावर तोच टायटॅनियम नायट्राइड असतो, पण मुरवलेला नव्हे, लावलेला. निर्वात पात्रात टायटॅनियमची वाफ करायची, तीत नायट्रोजन मिसळायचा आणि भागावर थर जमू द्यायचा. याला पीव्हीडी म्हणतात. जाडी २ ते ५ मायक्रॉन, तापमान बहुधा ५०० अंशांच्या आत, त्यामुळे आतल्या धातूला धक्का लागत नाही. याच घराण्यातला दुसरा थर म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन, ज्याला सगळे डीएलसी म्हणतात. काळा, गुळगुळीत, आणि घर्षण इतके कमी की उघडा टायटॅनियम जिथे ०.४-०.५ दाखवतो तिथे हा ०.१-०.२ वर येतो.

हाय-स्पीड स्टीलच्या कडक ड्रिलवर हे थर चांगले टिकतात. टायटॅनियमवर का टिकत नाहीत? पावसाळा संपल्यावर शेतातल्या चिखलावर वरवर कडक पापुद्रा धरतो. दिसायला सुकी जमीन, पण पाय ठेवला की पापुद्रा फुटून पाय आत. पापुद्रा कमकुवत नसतो, खाली आधार नसतो. अगदी हेच इथे घडते. ३ मायक्रॉनचा थर दोन-अडीच हजार काठिण्याचा, आणि त्याखालचा धातू ३५० चा, शिवाय पोलादाच्या मानाने लवचीक. भार एका बिंदूवर आला की खालचा धातू खचतो, वरचा थर वाकत नाही, तडकतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकाच सळईतून कापलेल्या दोन चकत्या होत्या. एकीवर थेट टायटॅनियम नायट्राइडचा लेप. दुसरीला आधी प्लाझ्मा नायट्रायडिंग आणि मग तोच लेप, त्याच फेरीत, त्याच पात्रात. दोन्ही सारख्याच सोनेरी. हातात घेऊन कुणालाही फरक सांगता आला नसता. मग दोन्हींवर रॉकवेल यंत्राचा हिऱ्याचा शंकू सारख्याच भाराने दाबला आणि खळगे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पहिल्या चकतीच्या खळग्याभोवती पाण्यातल्या तरंगांसारख्या गोल भेगा, आणि काठावरून लेपाचे पोपडे निघून करडा धातू उघडा पडलेला. दुसऱ्या चकतीवर केसासारख्या काही सरळ रेघा, बस. लेप सगळीकडे धरलेला. गवंडी सांगतात ना, टाचे मारल्याशिवाय गिलावा धरत नाही. इथे खालचा मुरलेला पट्टा टाच्यांचेही काम करतो आणि विटेचेही. आधी मुरवायचे आणि मग लावायचे या दुहेरी उपायाला डुप्लेक्स म्हणतात, आणि खर्च झेपत असेल तर जड भारासाठी तोच निवडावा असे माझे मत आहे.

हाताच्या घड्याळाला मात्र एवढा भार नसतो, तिथे शत्रू म्हणजे धूळ. आपल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि त्यांचे काठिण्य अकराशेच्या आसपास असते. ३५० चा टायटॅनियम त्यांच्यापुढे हरणारच. सिटिझनने १९७० साली पहिले टायटॅनियमचे घड्याळ काढले, आणि हलके, अंगाला न बोचणारे असे ते असले तरी ओरखडे ही या धातूच्या घड्याळांची कायमची तक्रार राहिली. त्यामुळेच घड्याळवाल्यांनी पुढे कातडी कडक करण्यावर इतके लक्ष दिले. २०२३ साली आलेल्या आयफोन १५ प्रोच्या कडेला ग्रेड ५ टायटॅनियम आणि त्यावर पीव्हीडीचा थर आहे. त्याचा कोपरा घासून आतला चंदेरी धातू दिसू लागला असेल, तर तुम्ही त्या काही मायक्रॉनांच्या पलीकडे पोचला आहात.

रंगीत अ‍ॅनोडायझिंगबद्दल गैरसमज इतका पसरलेला आहे की थोडक्यात सांगते. निळे, जांभळे, सोनेरी टायटॅनियमचे दागिने आणि हाड जोडण्याचे स्क्रू यांचे रंग रंग लावून आलेले नसतात. विजेच्या दाबाने ती साय शेकडो नॅनोमीटरपर्यंत जाड केलेली असते आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलमध्ये दिसतात तसे रंग तिच्यातून उमटतात. व्होल्टेज बदलले की रंग बदलतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्क्रूचे माप रंगावरून ओळखता येते, हा त्याचा खरा उपयोग. झिजेपासून रक्षण जवळजवळ नाहीच. करड्या रंगाचे अ‍ॅनोडायझिंग वेगळे. ते आट्यांमधले गॉलिंग बऱ्यापैकी कमी करते. आणि व्होल्टेज कित्येक शेंवर नेले की द्रवातल्या भागावर हजारो ठिणग्या नाचू लागतात व दहा-वीस मायक्रॉनचा सिरॅमिकसारखा थर वाढतो. तो कडक असतो, पण वरून सच्छिद्र; घासायच्या जागी त्याला पॉलिश करावे लागते किंवा त्याच्या छिद्रांत वंगण भरावे लागते.

नायट्रोजनचे आयन प्रचंड वेगाने धातूत घुसवण्याचीही पद्धत आहे. माप तसूभर बदलत नाही, भाग तापत नाही, आणि १९८०च्या दशकात सांध्यांच्या गोळ्यांवर ती वापरून पाहिली गेली. पण खोली मायक्रॉनचा दहावा भाग. तेवढे गेले की पुन्हा उघडा टायटॅनियम. दुसऱ्या टोकाला लेसर: नायट्रोजनच्या झोतात पृष्ठभाग वितळवायचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतही कडक थर मिळतो. वाफेच्या टर्बाइनच्या शेवटच्या लांब पात्यांवर पाण्याचे थेंब गोळीसारखे आपटतात, तिथे त्याचा विचार होतो. भेगा न पडू देणे हीच त्यातली कसोटी.

विमानाच्या इंजिनाबद्दल न बोलता हा विषय संपत नाही, कारण तिथे एक वेगळाच विचार दिसतो. पुढच्या पंख्याची टायटॅनियमची पाती चकतीच्या खाचेत बसवलेली असतात. त्या खाचेत ती फिरत नाहीत, सरकत नाहीत, पण थरथरतात, काही मायक्रॉन मागेपुढे. एवढ्याशा चोळण्याने खाचेत बारीक भेगा पडतात आणि पाते मुळातून तुटण्याची भीती असते. तिथे कडक थर लावावा असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पात्याच्या मुळावर तांबे-निकेल-इंडियमचा मऊ थर फवारतात आणि वर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कोरडे वंगण देतात. मऊ थर स्वतः दबतो, झिजतो, हादरा पचवतो आणि टायटॅनियमला वाचवतो. देखभालीच्या वेळी तो काढून नवा देता येतो. त्याच पंख्याच्या जुन्या पद्धतीच्या पात्यांना मधोमध आधाराचे खुंट असत. शेजारच्या पात्यांचे खुंट एकमेकांवर आदळत, घासत. त्या तोंडांवर मात्र टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचा अत्यंत कडक फवारा. एकाच पात्यावर मुळाशी मऊ आणि मध्यावर कडक. पात्याचे चित्र समोर ठेवून हे जेव्हा मला एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्यांदा समजावले, तेव्हा कितीतरी गोष्टी एकदम जुळल्या.

तर माझ्या त्या बोल्टचे काय झाले? नायट्रायडिंग करता आले असते, पण तो बोल्ट सतत ताणात आणि कंपनात राहणार होता, म्हणून ९०० अंशांची भट्टी नको होती. आट्यांच्या टोकांवर भार एकवटतो, म्हणून नुसता पातळ कडक लेपही नको होता. शेवटी बोल्टला करडे अ‍ॅनोडायझिंग दिले, त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर भाजून बसवला, आणि टायटॅनियमवर टायटॅनियम नको म्हणून नट स्टेनलेसचा घेतला. पहिला जोड तयार झाला तेव्हा फिटर काकांनी तो पूर्ण ताकदीने आवळला आणि सोडला, पुन्हा आवळला आणि सोडला. दहा वेळा. प्रत्येक वेळी नट काढून आट्यांवरून नख फिरवून पाहिले. अकराव्यांदा त्यांनी काही न बोलता पान्हा माझ्या हातात दिला.